बाकीची पावलं

सुलाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भर रस्त्यात उकिडवी बसली होती आणि माझी स्कूटी तिच्या अंगावर जाता जाता राहिली. मी ब्रेक दाबला, एक शिवी हासडली. तिनं मान वर केली नाही.

"थांब तितंच," ती म्हणाली. "म्होरं येऊ नगंस. तुझं चाक माझ्या चोरावर जाईल."

समोर फुफाटा होता. मला त्यात फुफाटाच दिसत होता. तिला त्यात चार मेंढ्या, एक माणूस आणि एक गाडी दिसत होती. पहाटे वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, चार मेंढ्या चोरीला गेल्या होत्या आणि ही बाई दोन मैल जमीन वाचत तिथवर आली होती.

"हितं उचलून गाडीत टाकल्या," बोटानं दाखवत म्हणाली. "मागलं डावं चाक बघ. रबराला चीर हाय, बोटभर. दर येढ्याला उमटतीया."

पुढच्या मेंढीबाजाराला ती पार लोणंदला गेली. मेंढ्यांकडं बघितलंच नाही. उभ्या पिकअप गाड्यांच्या मागून फिरत राहिली, मागली डावी चाकं बघत. चीर सापडली. तीन मेंढ्या परत आल्या. चौथी कुणीतरी खाऊन बसलं होतं.

पंचनामा करणाऱ्या हवालदारानं तिला विचारलं, "त्या वाटेवर आणखी कुणाकुणाची पावलं होती?"

"चार मेंढरं, एक गडी, एक गाडी."

"बस्स? सकाळपर्यंत दुसरं कुणी गेलंच नाही?"

"माझ्या कामाचं एवढंच."

हवालदार चिडला. मीही चिडले, कारण मला वाटलं बाई घाबरली. मी कवठे महांकाळची. नववी नापास, पण माहिती अधिकाराचा अर्ज कसा ठोकायचा हे कुणी मला शिकवलं नाही, मीच शिकले, आणि घाबरणारी बाई दिसली की माझं डोकं फिरतं. बाहेर आल्यावर मी तिला झापलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंगल, माझा बा माणातला. दहिवडीच्या माळावर त्येनं मला माग काढायला शिकवलं. पयल्या दिवशीच सांगितलं, माग काढताना शंभर पावलं दिसत्यात. कोण कुणाच्या दारी गेलं, कोण कवा परतलं, समदं दिसतं. ज्येचा माग काढायचा त्येवढंच बोलायचं. बाकीची पावलं वाऱ्यावर सोडायची. न्हाईतर लोक मातीवर पाय ठेवायला भ्यायला लागतील."

ही सुलाबाई. दुसरी पास. सोळाव्या वर्षी लग्न होऊन माण तालुक्यातून जतच्या पूर्वेला आली, कर्नाटकाकडं तोंड करून बसलेल्या एका वस्तीवर. वस्तीचं नाव मी लिहिणार नाही. नऊ घरं, सगळी एकाच भावकीची. दिवाळी झाली की तिचा नवरा तानाजी आणि दोन्ही पोरं मेंढरं घेऊन साताऱ्याच्या बागायतीकडं, कोरेगावच्या अंगाला निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मागं सुलाबाई, तिची म्हातारी सासू धोंडुबाई, ज्वारीचं कोरडवाहू रान आणि टँकरची वाट.

आता फोनचं सांगते, कारण त्यावरून हे सगळं झालं.

वस्तीवर अकरा फोन आले, दोन वर्षांत, एक एक करून. सगळे जतच्या अल्लाबक्षच्या दुकानातून. अल्लाबक्ष भला माणूस, पण भल्या माणसांनी केलेल्या घोटाळ्यांचाच मला जास्त राग येतो. पहिला फोन सुलाबाईचा थोरला दीर नाथाजी यानं घेतला. अल्लाबक्षनं त्यात एक खातं उघडून दिलं आणि पासवर्ड कागदावर लिहून दिला. दुसऱ्या महिन्यात दुसरं घर आलं. अल्लाबक्ष म्हणाला, "तुमच्या वस्तीचं खातं आहेच की. रेशन कार्ड घराला एक असतं ना? तसंच." त्याच खात्यात दुसरा फोन. मग तिसरा. मग बायकांचे. कागद हरवेल म्हणून नाथाजीनं तो पासवर्ड घराच्या दर्शनी भिंतीवर गेरूनं लिहून टाकला, दाराशेजारी, विजेच्या मीटरच्या नंबराखाली. येणारा-जाणारा वाचायचा. पोस्टमनला पाठ होता.

तुम्ही म्हणाल, अडाणी लोक. थांबा. तुमच्या फ्लॅटमधल्या टीव्हीवर, पोराच्या टॅबवर आणि बायकोच्या फोनवर कुणाचं खातं चालतंय, ते आधी बघून या. मग बोलू.

तर अकरा फोन आणि खातं एक. म्हणजे अकरा माणसं जे काही विचारतील ते एकाच पोत्यात पडणार. आणि खातं चालवणाऱ्या कंपनीला वाटणार, हे एकच माणूस विचारतंय. त्याला काय हवं, काय दाखवावं, ते ती त्या पोत्यावरून ठरवणार आणि अकराच्या अकरा फोनवर दाखवणार.

फेब्रुवारी सरता सरता सुलाबाईनं एक प्रश्न विचारला. तिचं वय सत्तेचाळीस. तीन महिने पाळी आली नव्हती. रात्री घामानं चोळी भिजायची, छातीत धडधड व्हायची. विचारावं कुणाला? नर्सबाई महिन्यातून एकदा यायच्या, पण त्या बसायच्या शाळेच्या ओट्यावर आणि समोर गोळ्या घ्यायला आलेली गडीमाणसं उभी. म्हणून ती कडब्याच्या गंजीआड बसली, फोन तोंडाशी धरला आणि बोलली. टाइप करता येत नाही, बोलून विचारता येतं. आपल्या बोलीत विचारलं तर फोनला काही उमगेना. मग तिला उपकेंद्राच्या भिंतीवरचा तक्ता आठवला, नर्सबाई वाचून दाखवायच्या तो, आणि तिनं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ विचारलं: तीन महिने मासिक पाळी आली नाही, काय करावे.

फोननं दोन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तिच्या कामाची होती. तिनं पदरानं फोन पुसला आणि ती पाण्याला गेली. तिच्यापुरता विषय संपला.

फोनपुरता तो सुरू झाला होता. दोन दिवसांत अकराही फोनवर पाळणे झुलायला लागले. बाळाचा साबण. बाळाची टोपी. 'तिसऱ्या महिन्यात बाळ केवढं असतं'. नाथाजीच्या फोनवर, धोंडुबाईच्या फोनवर, ऐंशी वर्षांच्या तात्याबाच्या फोनवर. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग नाथाजीचा पोरगा ऋषिराज मेंढ्यांच्या जंताचं औषध शोधायला बसला आणि बोट लावताच खाली जुने प्रश्न आले. प्रत्येकाशेजारी घड्याळाचं बारकं चित्र. म्हणजे हे आधी विचारून झालंय. त्यात तो प्रश्न.

आता नऊ घरांत 'मासिक पाळी' असा शब्द तोंडात असणारी एकच. समीक्षा. ऋषिराजची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, पोलिस भरतीची तयारी करणारी. पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला जाणारी, एकटी.

झालं. घरात कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण तरी झालं असतं. नाथाजीनं तिचा फोन काढून घेतला, पळायचे बूट माळ्यावर टाकले आणि उमदीकडच्या एका सोयऱ्याला निरोप धाडला की पोरगी दाखवायची आहे, लवकर. सांगलीला तिची मैदानी चाचणी नऊ दिवसांवर होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी टँकरच्या खेपांची तक्रार लिहून घ्यायला वस्तीवर पोचले. समीक्षानं मला गोठ्यामागं ओढलं. रडली नाही. दात आवळून सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मंगलताई, मी न्हाई विचारलं. पण मी न्हाई म्हटलं की ते म्हणणार, मग कोण? आन मला वाटतंय, मला ठाऊक हाय कोण. मी नाव घेणार न्हाई."

मागं सुलाबाई शेणाची पाटी घेऊन उभी होती. तिनं पाटी खाली ठेवली.

"मला कुणी कसं सांगितलं न्हाई?" ती म्हणाली. "चार दिवस झालं पोरगी पळंना, मला वाटलं पाय मुरगळलाय."

मी म्हटलं, "आण कुणाचाही फोन. भिंतीवर पासवर्ड आहेच. आत्ता सगळं पुसून टाकते. पुरावाच राहणार नाही."

"न्हाई," सुलाबाई म्हणाली.

"अगं एक बोट लावायचंय!"

"मंगल, कडब्याचा पाचुंदा घेऊन माग झाडत जातो त्यो चोर असतो. झाडल्याली माती लांबनं दिसती. आता पुसलंस तर पोरगी जलमभर चोर."

माझा संताप अनावर झाला. मी सरळ लिंबाखाली गेले. तिथं नाथाजी, ऋषिराज, तात्याबा आणि आणखी चार-पाच गडी बसले होते, सोयऱ्याचंच बोलणं चाललं होतं. मी सुरू झाले. पोरीचा फोन काढून घेणं, तिचं खाजगी वाचणं, कायदा, कलम, महिला आयोग, जे तोंडाला आलं ते. नाथाजीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ताई, तुमी टँकरचं बघा. ह्यो आमच्या घरचा मामला हाय."

"आन वस्तीला नसल ठावं तर त्येबी आरडून सांगा," ऋषिराज म्हणाला.

खोटं कशाला सांगू, त्याचं खरं होतं. मी पोरीचा मामला चव्हाट्यावर आणून ठेवला होता, मदत म्हणून. बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात सुलाबाई आली. डोक्यावर पदर, कारण थोरला दीर समोर. हातांना शेण तसंच.

"भावजी, त्यो सवाल मी इचारलाय."

ऋषिराज हसला, वाईट हसला. "काकी, पोरीला वाचवायला काय पण बोलू नगा. आवं, तीन महिनं म्हणतोय फोन. काका दिवाळीपासनं कोरेगावाकडं हाय. मग आमी काय समजायचं?"

हे तिला ठाऊक नव्हतं असं समजू नका. लिंबाकडं चालत येतानाच तिनं हे मोजलं होतं. पोरीवरचं बालंट स्वतःवर घेतलं की ते दुप्पट होणार, आणि नवरा दोनशे किलोमीटरवर. तरी ती आली.

"तू माग काढतोस व्हय रं ऋषिराज?" ती म्हणाली. "बरं केलंस. कुणीतरी शिकायलाच पायजे. दाव कुठं काढलायस. समीक्षा, हिकडं ये. ह्येच्या फोनात त्या दिवसाचं काय काय हाय ते वाच. नाव न्हाई घ्यायचं कुणाचं. फकस्त सवाल वाच."

नाथाजी उठायला लागला. तात्याबानं काठी आडवी धरली. "बस की. वाचू दे. माग काढणारी मागतीया."

ऋषिराजनं फोन दिला, समीक्षा वाचायला लागली. "मेंढीच्या तोंडाला फोड आल्यावर काय लावावे. मुलींचा गोळा किती किलोचा. गुडघे दुखणे घरगुती उपाय. तीन महिने मासिक पाळी आली नाही. मिशी काळी करणे, अपाय न होता."

दारातल्या एका बाईनं तोंडात पदर कोंबला.

"बास," सुलाबाई म्हणाली. "आता सांग ऋषिराज. ही कंपनी समजती की ह्यो एकच माणूस हाय. ज्येचं गुडघं दुखत्यात, ज्यो गोळा फेकतोय, ज्येला मिशी काळी करायची हाय आन ज्येला तिसरा म्हैना लागलाय. असला कोण हाय आपल्या वस्तीवर? मला दाव. मी त्येच्या पाया पडते."

पहिला हसला तात्याबा. त्याचं बोळकं उघडलं आणि खोकल्यासारखं हसू बाहेर आलं. "गुडघं माझं हायती," तो म्हणाला. "गुडघं माझं, बाकीचं न्हाई!"

मग सगळेच हसले. मिशी कुणाची ते सगळ्यांना दिसत होतं, कारण ती उन्हात चकाकत होती. पण कुणी बोललं नाही. नाथाजीनं हात ओठावर ठेवला होता.

सुलाबाई हसली नाही.

"अकरा जणांचा माग एकात एक कालवलाय. कळपातली पावलं. त्यातनं एका पोरीचा पाय वेगळा काढायला मीसुदिक दहा येळा बघितलं असतं, खाली बसून, उन्ह तिरपं आसताना. तुमी उभ्या उभ्या काढलात. आन त्या कंपनीनंबी उभ्या उभ्याच काढला. पाळी थांबली म्हंजी पाळणा! आवं, बाईचं वय झालं की थांबती. तुमच्या आयांची थांबली. तुमच्या बायकांची थांबंल. त्या फोनला ठावं न्हाई, ठीक हाय, त्येला आय न्हाई. तुमाला हाय."

इतक्यात ओसरीवरून धोंडुबाईचा आवाज आला. ती अंथरुणातून क्वचित बोलते. "माझी तर दुष्काळाच्या साली थांबली. तवा फोन नव्हता म्हणून वाचले. न्हाईतर मलाबी टोपी आन साबण दावला आसता मेल्यानं."

ऋषिराजनं अजून हार मानली नव्हती. तरुण माणसाला सर्वांसमोर हसू झालेलं सोसत नाही. "मग वाचूया की समदंच," तो म्हणाला. "पार मागलं. कळू दे कुणी काय काय इचारलंय."

"वाचू," सुलाबाई म्हणाली. "तुझ्यापासनं. समीक्षा, रात्रीचं काढ."

ऋषिराजचा हात आपसूक पुढं आला आणि त्यानं बहिणीच्या हातातला फोन पालथा केला.

सुलाबाईनं एकेकाकडं बघितलं. त्या नजरेला धमकी म्हणता येणार नाही, पण त्या दिवशी मला कळलं की ही बाई कधीच घाबरलेली नव्हती, त्या हवालदारापुढंसुद्धा नाही.

"पंचवीस वर्सं ह्या माळावर माग काढते मी. वड्याकाठनं पहाटं कुणाची चप्पल कुणाच्या रानाकडं वळली, कुणाची सायकल कुठं आडवी पडली, मला समदं ठावं हाय. हितं बसल्याल्यांचंबी. कवा बोलले का, तात्याबा?"

तात्याबानं काठीवर हनुवटी टेकली. "न्हाई बोललीस."

"का न्हाई बोलले?"

"ते तुझं तुला ठावं."

"कारण ते माझ्या कामाचं न्हवतं. माणूस चालला की माती वाचतीया, त्यात मातीचा गुन्हा न्हाई. वाचून सांगत सुटतो त्येचा गुन्हा. मी माझं सांगितलं ते माझ्या तोंडानं सांगितलं. तानाजी आल्यावर त्येलाबी सांगंन. तुमी माझं वाचलं ती चोरी. चार मेंढरांपरास मोठी."

नाथाजी बोटानं मातीत रेघा ओढत हळूच म्हणाला, "पोरगी सांगलीला जाईल. सोयऱ्याला न्हाई म्हणून कळवतो. पर ह्या बायकांचं फोन आता एका डब्यात राहतील. लागंल तवा मागायचं. कटकट नगं."

"डब्यात तुमचा ठेवा," सुलाबाई म्हणाली.

आणि ती वळली, गोठ्यामागची पाटी उचलून आणली, नाथाजीच्या दारापाशी गेली आणि भिंतीवरचा गेरूचा पासवर्ड दोन हातांनी शेणानं सारवून टाकला. मीटरचा नंबर ठेवला. तो सरकारचा होता.

मी म्हटलं, "काय गं, मघाशी पुसू नको म्हणालीस!"

"माग न्हाई पुसला येडे. दार लावलं."

तक्रारीचा अर्ज माझ्या हातात तसाच होता. तो मी त्या दिवशी लिहिला नाही. घरी जाताना मला स्वतःचा राग येत होता. मी दहा कलमं फेकली आणि पोरगी आणखी अडकली. तिनं एकही कलम न बोलता तिला मोकळं केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच बायका आणि अकरा फोन जतला गेलो. गड्यांनीही दिले. का दिले ते तुम्हाला कळलं असेल. ऋषिराजनं सगळ्यांत आधी दिला.

अल्लाबक्ष हिशोबाच्या टेबलामागून उठला. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला. सुलाबाई, मी आपलं सोपं जावं म्हणून केलं हो. एकच पासवर्ड, कुणी विसरायला नको."

"अल्लाबक्षभाऊ, तुमच्या घरात चूल एकच हाय न्हवं? मग समद्यांच्या तोंडात घासबी एकच घालता?"

त्याची पोरगी नूरीन आत बसून चार्जरच्या तारा गुंडाळत होती. ती फस्सकन हसली आणि बाहेर आली. "अब्बा, तुम्ही तिकडं तोंड करा," ती म्हणाली. अल्लाबक्षनं भिंतीकडं तोंड केलं. अर्धा दिवस नूरीननं एकेकीचं खातं उघडलं. प्रत्येक वेळी पासवर्ड टाकताना ती स्वतः मान फिरवायची आणि बाईला टाकायला लावायची. अक्षर येत नसेल तर आकडे. आकडे येत नसतील तर बोटाचा ठसा. मागचं विचारलेलं साठवून ठेवायचं का, असं फोन विचारतो ते बटण कुठं असतं तेही तिनं दाखवलं. मला ते ठाऊक नव्हतं, आणि मी इतकी वर्षं लोकांना हक्क शिकवत फिरतेय.

जुनं खातं शेवटी राहिलं. नूरीननं विचारलं, "काकी, हे पुसू? सगळं?"

सुलाबाईनं फोन हातात घेऊन पाहिला. अजून त्यात पाळणा झुलत होता.

"कंपनी ह्येचं काय करती गं?"

"विकते. म्हणजे तुमचं नाव सांगून नाही विकत. ह्या माणसाला काय दाखवावं, ते ठरवायची जागा विकते."

सुलाबाई म्हणाली, "आमी साताऱ्याकडं कुणाच्या रानात मेंढरं बसवतो, तवा त्यो शेतकरी आमाला ज्वारी देतो, कवा गहू देतो. का? रातभर पडल्याल्या लेंडीचं खत व्हतं म्हणून. लेंडीलाबी मोल हाय. ह्या कंपनीच्या रानात आमी अकरा जणं दोन वर्सं बसलो. लेंड्या तिनं वेचून विकल्या. आन आमाला दाणा द्यायचा सोडून आमच्या पोरीला बदनाम केलं? पूस. मेंढरांचा वाडा हलला म्हणावं."

नूरीननं पुसलं. कंपनीकडं खरंच किती पुसलं गेलं ते मला माहीत नाही. मी तीन ठिकाणी लिहून विचारलंय. उत्तर आलं की मी गप्प बसणार नाही, आणि नाही आलं तरी बसणार नाही.

हे सगळं लिहू का, असं मी सुलाबाईला विचारलं. आधी समीक्षाला विचार, म्हणाली. समीक्षा म्हणाली, लिहा. मग सुलाबाई म्हणाली, "माझं नाव घाल. खरं घाल. वस्तीचं घालू नगंस, तिथं बाकीचीबी ऱ्हात्यात. आन मिशीचं लिही, पर कुणाची ते लिहू नगंस." शेवटचं मला नीट जमलेलं नाही, तिनं माफ करावं.

सांगलीला आम्ही तिघी गेलो. समीक्षा, सुलाबाई आणि मी. मैदानाच्या कडेला पालकांना उभं करतात तिथं आम्ही उभ्या. आठशे मीटरच्या आधी सुलाबाई समीक्षाला म्हणाली, "तुझा डावा पाय बाहीर पडतोय वळणावर. रस्त्याकडंच्या मातीत बघितलाय मी, महिनाभर. वळणाला आतल्या अंगाला जोर दे." पोरीनं दिला. धावण्यात तिचा नंबर चांगला लागला. गोळा मात्र कमी पडला, आणि यादीत तिचं नाव यंदा लागेल की पुढच्या भरतीला, ते आत्ता तरी सांगता येत नाही. पण ती धावली. परत येताना तिच्या बुटांना मैदानाची लाल माती होती आणि सुलाबाई ती माती बघत होती, हसत.

मग सुलाबाई म्हणाली, "तुमी भडंग खावा हितं. मी आले." आणि एकटीच सिव्हिलकडं गेली. दोन तासांनी आली. मी आणि समीक्षा स्टँडच्या बाकावर बसलो होतो. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. जमीन वाचणाऱ्याचा चेहरा वाचता येत नाही.

"काय म्हणाला डॉक्टर?" मी विचारलं.

"भेटला."

"अगं भेटला ते कळलं. काय म्हणाला?"

तिनं माझ्या पुडीतलं मूठभर भडंग घेतलं, शेंगदाणे वेचून आधी खाल्ले.

"कागद माझ्या पिशवीत हाय," ती म्हणाली. "आन पिशवी माझ्या काखंत हाय. ती बघ, जतची लागली. उठा."